घरी काही दिलंत?

डॉक्टरांनी विचारलं, घरी काही दिलंत का याला?
मी म्हटलं, नाही.

कोपरखैरण्यात मेडिकलच्या काउंटरवर
सात वर्षं उभी आहे मी.
कोणती बाटली कोणत्या वयाला नको
हे पाठ आहे मला, घराच्या पत्त्यासारखं.
वर्षाच्या आत मध चाटवू नका हं,
हे मीच सांगते, सुट्टे परत देता देता.
समोरची बाई मान हलवते
नि शेजारच्या वाण्याकडे वळते.
काचेतून दिसतं सगळं.

ओजस अकरा महिन्यांचा.
सोमवारी नाक वाहिलं. मंगळवारी घरघर.
वरच्या मजल्यावरची लीलाम्मा
कुंडीतली पानओव्याची चार पानं घेऊन आली.
तव्यावर वाफवून, पिळून, पाच थेंब.
आमच्याकडे सगळे देतात, म्हणाली, कोणी मेलं नाही.
शेवंताबाई पाटणच्या. त्यांनी न विचारता
विड्याच्या पानाला एरंडेल लावलं,
दिव्यावर धरलं, छातीला डकवलं.
भूषणचा फोन उरणहून, कंटेनर उतरवता उतरवता:
त्या पांढऱ्या गोळ्या आण ना, साबुदाण्यासारख्या,
माझा दमा त्यांनीच गेला होता.
गेला नव्हता. लग्नापासून
त्याचा पंप मीच आणते, स्टाफच्या भावात.

आणि मी?
रात्री अडीचला मी खिडकी लावली.
त्या वेळी एमआयडीसीकडून वास येतो
कुजक्या कोबीसारखा. कुणीतरी काहीतरी सोडतं
लोक झोपल्यावर.
लावली तर कोंडतं, उघडली तर वास.
त्या दोहोंच्या मधे कुठेतरी
माझं बोट मधाच्या बाटलीत गेलं.

कळत होतं.
कळत असूनच गेलं.
पोर खोकत असताना
रिकामा हात सोसत नाही, इतकंच.

मग ओव्याची पुरचुंडी, भूषणच्या जुन्या रुमालाची,
शेकून, आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिलेली.
ओजस जरा शांत झाला. मी म्हटलं, सुटला कफ.
सुटला नव्हता. पोर दमलं होतं.
पहाटे अंगडं वर केलं तर
बरगड्यांखाली खळगा पडत होता दर श्वासाला,
आतून कुणी दोरी ओढावी तसा.
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजले.
मिनिटात अठ्ठावन्न.
चुकले असेन म्हणून पुन्हा.
एकसष्ट.

रिक्षा. वाशी. पालिकेचं हॉस्पिटल.
घरी काही दिलंत का?
नाही.

सिस्टरनं मास्क लावला, वाफ फुसफुसू लागली.
तिनं अंगड्याचे बंद सोडले आणि
खोलीभर ओवा पसरला.
माझ्या तोंडून गेलेल्या त्या नाहीचा वास.
डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली नाही.
सिस्टरनं पुरचुंडी काढली. टाकली नाही.
माझ्या हातात दिली.
पोराच्या तापानं अजून कोमट होती.

मग मीच म्हटलं, मध. एक बोट. काल रात्री.
पानओव्याचे पाच थेंब. छातीला एरंडेल.
गोळ्या नाही दिल्या, आणायच्या राहिल्या.
त्यांनी सगळं लिहून घेतलं, ओरडले नाहीत.
ओरडले असते तर बरं वाटलं असतं.
श्वास मोजलेत ते चांगलं केलंत, एवढंच म्हणाले.
मध कितीला दिला, तेवढं परत विचारलं.

पाच दिवसांनी घरी आलो.
तो ओवा मी फेकला नाही, वापरलाही नाही.
मिसळणाच्या डब्यामागे आहे, गाठ तशीच.

आज काउंटरवर एक पोरसवदा आई,
कडेवर बाळ, हातात चुरगळलेली वीसची नोट.
ताई, ओवा शेकला तर चालेल का?
पूर्वी मी नुसतं म्हटलं असतं, डॉक्टरला दाखवा.
आज विचारलं, घरी सेकंदकाट्याचं घड्याळ आहे?
ती गोंधळली. म्हणाली, मोबाइल आहे.
झबलं वर कर, म्हटलं.

मागे रांग खोळंबली. कुणीतरी च्यक् केलं.
आम्ही दोघी मोजत होतो.